उसाचं पहिलं ठिबक: नळी घेण्याआधी तासांचा हिशेब

ठिबकचं कोटेशन मागायला गेलं की "किती एकर?" एवढंच विचारतात आणि एकरावर नळीचा आकडा निघतो. एकर सातबाऱ्यावर दिसतातच. आधी ठरायला हव्यात त्या तीन गोष्टी: पंप ताशी किती पाणी देतो, थ्री फेज वीज किती तास असते आणि पाणी रोज मिळतं की पाळीनं. यातली एक जरी चुकली तरी साहित्य चांगलं असूनही उन्हाळ्यात ऊस सुकतो. मग माणूस पुन्हा सरीतून पाट सोडतो आणि नळ्या बांधावर पडून राहतात.

खालचा सगळा हिशेब एक एकर सुरू (म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या) उसाचा, पाच फुटी सरीचा, वाळवा-पलूस-कराड पट्ट्यातल्या मध्यम ते काळ्या जमिनीचा आहे. तुमची सरी साडेचार फुटी असेल तर आकडे त्या प्रमाणात वाढतील.

पायरी १: पंपाचं पाणी मोजा

दोनशे लिटरचं बॅरल घ्या. पंप सुरू करून ते किती सेकंदांत भरतं ते पाहा. ४५ सेकंद लागले तर ताशी १६,००० लिटर. पण पाइपाचं तोंड मोकळं ठेवून मोजू नका. मोकळ्या तोंडाला पंप जास्त पाणी फेकतो. फिल्टर, मेन लाइन आणि ड्रीपर जोडल्यावर ते पाणी मिळत नाही. डिलिव्हरीवर प्रेशर गेज बसवा, व्हॉल्व्ह आवळून गेजचा काटा २ किलोवर (चौरस सेंटिमीटरला) आणा आणि मगच बॅरल भरा. मोजायचं उन्हाळ्यात. श्रावणात विहीर काठोकाठ असताना काढलेला आकडा मे महिन्यात उपयोगाचा नसतो.

आता ड्रीपरांना किती लागतं ते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच फुटी सरीत नळी भरते ८,७१२ फूट, म्हणजे सुमारे २,६५५ मीटर. दर ४० सेंटिमीटरला ड्रीपर धरला तर ६,६४० ड्रीपर. ताशी २ लिटरचा ड्रीपर घेतला तर एकराला ताशी १३,२८० लिटर लागतील. आपला पंप १६,००० देतो, म्हणजे एका वेळी एक एकर आरामात चालतं. हाच ड्रीपर ४ लिटरचा घेतला तर २६,५०० लिटर लागतील आणि एकराचे दोन भाग करावे लागतील. जास्त लिटरचा ड्रीपर म्हणजे भारी माल, असा समज गावोगाव आहे. तसं काही नाही. काळ्या रानात कमी लिटरचा, जास्त वेळ चालणारा ड्रीपर बरा. ४ लिटरचं पाणी मुरण्याआधी सरीत साचतं.

उसाला पाणी किती लागतं हे मिलिमीटरमध्ये धरा. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर. एप्रिल-मेमध्ये वाढीला लागलेल्या उसाला रोज ६ ते ७ मिलिमीटर लागतं. ६ मिलिमीटर म्हणजे २४,३०० लिटर, १३,२८० ने भागलं की १ तास ५० मिनिटं. वीज आठ तास असेल तर एका पंपावर चार एकर बसतात. पाच एकर बसवायचे असतील तर उन्हाळ्यात रोज एका एकराची उपासमार होणार, हे कागदावरच दिसतं. शिवाय चार एकरांना रोज ९७,००० लिटर लागणार. विहिरीला तेवढा उमाळा आहे का, तेही बघा.

पाणी पाळीचं असेल तर

ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांवरच्या किंवा नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदांनी इथं थांबून विचार करावा. ठिबकला रोज थोडं पाणी लागतं आणि पाळी येते पंधरा-वीस दिवसांनी. मध्ये साठा नसेल तर ठिबक घेऊ नका, मग अनुदान कितीही असो.

वीस दिवसांचा साठा म्हणजे एकरी २४,३०० गुणिले २०, जवळजवळ ४ लाख ९० हजार लिटर. वर २० बाय २० मीटर, तीन मीटर खोल आणि बाजूंना दीडास एक उतार असलेल्या शेततळ्यात सुमारे ७ लाख ४० हजार लिटर मावतात. बाष्पीभवन आणि तळाचा गाळ वजा जाता ते एका एकराला पुरतं, दोन एकरांना नाही. एकाच एकरासाठी एवढी जागा घालवणं सगळ्यांना परवडत नाही. जवळ विहीर असेल तर पाळीचं पाणी विहिरीत सोडणं हा स्वस्तातला मार्ग.

पायरी २: पाणी तपासा, मग फिल्टर ठरवा

माती परीक्षणाला माती देतो तशी पाण्याची बाटलीही द्या. सामू (पीएच), क्षारता, बायकार्बोनेट आणि लोह एवढं पाहायला सांगा. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरणारं पाणी ड्रीपरमध्येही तोच थर धरतं. बोअरचं पाणी बादलीत ठेवल्यावर तासाभरात तांबूस होत असेल तर त्यात लोह आहे.

उघड्या विहिरीत आणि शेततळ्यात शेवाळ असतं, तिथं वाळूचा फिल्टर आणि पाठोपाठ जाळीचा किंवा डिस्क फिल्टर. बोअरमधून वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा फिल्टर), मग डिस्क. नदी-कालव्याच्या गाळाच्या पाण्याला वाळूचा फिल्टर लागतोच. ताशी १६,००० लिटरला २० किंवा २५ घनमीटर क्षमतेचा फिल्टर घ्या. दर कमी दाखवायचा असला की कोटेशनमधून सगळ्यात आधी वाळूचा फिल्टर गळतो. विहिरीच्या पाण्यावर नुसती जाळी लावलेला संच पहिल्याच उन्हाळ्यात शेवाळानं धरतो, आणि मग ठिबक वाईट ठरतं.

पायरी ३: आराखडा आणि साहित्य

मेन लाइनमधून पाणी सेकंदाला दीड मीटरपेक्षा जोरात धावू नये. त्या हिशेबानं ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून ताशी १४-१५ हजार लिटर जातात, ७५ च्या पाइपातून २० हजार. आपल्या १३,२८० लिटरला ६३ चा पुरतो, पण विहीर लांब असेल तर ७५ चा घ्या. फरकाचे पैसे एकदाच जातात. प्रेशर मात्र रोज कमी मिळतं.

१६ मिलिमीटरची, २ लिटरची इनलाइन नळी (आतच ड्रीपर बसवलेली) सपाट रानात ८० मीटरपर्यंत ठीक चालते, ४ लिटरची ५० मीटरच्या आसपास. रान लांब असेल तर सबमेन (मेन लाइनमधून निघून नळ्यांना पाणी देणारा पाइप) मध्ये घेऊन दोन्ही बाजूंना नळ्या काढा. उतार असेल तर नळी चढावर नेऊ नका. एक मीटर उंचीला ०.१ किलो प्रेशर जातं. पाटण, जावळीकडच्या चढ-उताराच्या रानात साधी इनलाइन घेण्यापेक्षा प्रेशर सांभाळणारा पीसी ड्रीपर घ्यावा, महाग असला तरी.

खर्च वाचवायचा असेल तर जोडओळ पट्टा पद्धत आहे: दोन ओळींत अडीच फूट, मग पाच फुटांचा पट्टा आणि दोन ओळींना मिळून एक नळी. नळी २,६५५ ऐवजी १,७७० मीटर लागते, सरळ एक तृतीयांश कमी. मात्र हे काळ्या जमिनीत जमतं, कारण तिथं पाणी आडवं पसरतं. मुरमाड रानात पाणी सरळ खाली जातं. तिथं प्रत्येक ओळीला नळी आणि ड्रीपर ३० सेंटिमीटरवर.

साहित्यावर आयएसआयचा शिक्का आणि क्रमांक बघून घ्या: इनलाइन नळीला आयएस १३४८८, साध्या लॅटरलला १२७८६, पीव्हीसी पाइपाला ४९८५. शिक्का नसेल तर अनुदानही नाही. कोटेशनमध्ये एअर व्हॉल्व्ह, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, बायपास, व्हेंच्युरी (बॅरलमधलं खत ओढून पाण्यात सोडणारं साधन), फिल्टरच्या आधी आणि नंतर मिळून दोन प्रेशर गेज आणि प्रत्येक सबमेनच्या टोकाला फ्लश व्हॉल्व्ह आहे का, हे बोट ठेवून तपासा. एअर व्हॉल्व्ह नसेल तर पंप बंद होताना नळीत पोकळी होते आणि ड्रीपर बाहेरचा चिखल आत ओढतो.

अनुदान

महाडीबीटीवर अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, आधारला जोडलेलं बँक खातं, सातबारा, ८अ. 'प्रति थेंब अधिक पीक' मधून अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. राज्याची पूरक रक्कम धरून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. मर्यादा पाच हेक्टर.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे पूर्वसंमती मिळण्याआधीच साहित्य आणतात आणि अर्ज बाद होतो. दुसरं, ८० टक्के हे तुमच्या बिलाचे नसतात, शासनानं ठरवलेल्या मापदंड खर्चाचे असतात. बिल ६० हजारांचं झालं म्हणून ४८ हजार येतील असं धरू नका. आधी पूर्ण पैसे तुम्हीच भरता, मोजणी होते, मग रक्कम खात्यावर येते. तोवरची सोय करून ठेवा.

पायरी ४: जोडणी

मेन आणि सबमेन दोन फूट खोल गाडा, नांगराचा फाळ लागणार नाही इतकं. सबमेनला भोक पाडताना ग्रोमेटच्या (नळी जोडताना भोकात बसवायच्या रबरी कडीच्या) मापाचंच बिट वापरा. भोक सैल झालं की तिथं कायम पाझर. भोकं पाडताना प्लास्टिकचा भुसा पाइपात पडतो. म्हणून नळ्या जोडण्याआधी मेन धुवा, मग सबमेन, नळ्या जोडल्यावर शेवटची टोकं उघडी ठेवून नळ्या. हा क्रम उलटा केला तर तो भुसा पहिल्याच दिवशी ड्रीपरमध्ये जातो, आणि तिथून तो निघत नाही.

नळी ताणून अंथरू नका. रात्रीच्या गारव्यात ती आखडते आणि ग्रोमेटमधून निसटते; साठ मीटरच्या नळीला पाऊण मीटर ढील ठेवा. ड्रीपरचं छिद्र आकाशाकडे हवं, म्हणजे गाळ तळाला बसतो आणि छिद्र मोकळं राहतं.

पायरी ५: ३३ मिलिलिटरची परीक्षा

फिटर गावात असेपर्यंत ही करून घ्या, पैसे त्यानंतर. २ लिटरचा ड्रीपर मिनिटाला ३३ मिलिलिटर देतो. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा मापाचा प्याला घ्या आणि ड्रीपरखाली जमीन थोडी उकरून ठेवा. नळीवरून पाणी ओघळून पुढे जातं, म्हणून ड्रीपरच्या दोन्ही बाजूंना सुतळीची गाठ बांधा, म्हणजे पाणी गाठीवरून प्याल्यातच पडतं. घड्याळ लावून एक मिनिट मोजा.

पहिल्या नळीचा पहिला आणि शेवटचा ड्रीपर, मधल्या नळीचे दोन, शेवटच्या नळीचे दोन, असं सहा ठिकाणी पाणी घ्या. सगळे ३१ ते ३५ च्या दरम्यान असतील तर संच चांगला बसला. शेवटच्या नळीत २५ भरले, तर त्या कोपऱ्यातल्या उसाला वर्षभर पाऊण पाणी आणि पाऊणच खत मिळणार. अशा वेळी सेक्शन (एका वेळी भिजणारा भाग) लहान करणं किंवा सबमेन बदलणं, हे त्याच दिवशी करायचं. सहा आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हेच आकडे चोंदलेपण सांगतील.

पायरी ६: रोजचं पाणी

लागणीनंतर पहिला दीड महिना २ मिलिमीटर, म्हणजे ३५-४० मिनिटं. फुटवे येऊन रान झाकेपर्यंत ३ ते ४ मिलिमीटर, ५५ मिनिटं ते सव्वा तास. एप्रिल-मेमध्ये पावणेदोन ते सव्वादोन तास. काळ्या रानात दिवसाआड दुप्पट दिलं तरी चालतं, मुरमाडात रोजच द्यावं, शक्यतो दोनदा.

नवख्याची अडचण डोळ्यांची असते. पाटपाण्यानं सरी तुडुंब भरलेली बघायची सवय, आणि ठिबकवर जमीन नुसती ओली पट्टी दिसते. मग "पाणी पोचत नाही" म्हणून चार-चार तास पंप चालतो आणि पाणी मुळांच्या खाली उतरून खत घेऊन जातं. वरून बघू नका. ड्रीपरपासून वीतभर बाजूला फूटभर खणा, माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि हाताला चिकटला नाही तर ओल बरोबर आहे. चिकटला तर वेळ कमी करा.

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड वाढलेली रानं आहेत. ठिबकनं तिथं पाण्याची पातळी वर येणं थांबतं, पण क्षार ओल्या पट्टीच्या कडेला साठतात. हलका पाऊस आला की हे क्षार मुळांकडे सरकतात. अशा पावसात ठिबक बंद न करता अर्धा-पाऊण तास चालू ठेवावं. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण हेच.

पायरी ७: खत

ठिबकचा खरा पैसा इथं आहे. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो (नत्र:स्फुरद:पालाश), म्हणजे एकरी १००:४६:४६. नत्र आणि पालाश नळीतून दिलं तर ८० टक्क्यांत भागतं: ८० किलो नत्र म्हणजे १७४ किलो युरिया (४५ किलोच्या चार पोत्यांना थोडा कमी) आणि ३७ किलो पालाश म्हणजे ६१ किलो पांढरं पोटॅश. लाल पोटॅशचा गाळ ड्रीपरात बसतो, ते नको.

स्फुरदासाठी १२:६१:० हे विद्राव्य खत मिळतं, पण सुपर फॉस्फेटच्या मानानं ते फार महाग पडतं. पहिल्या वर्षी लागणीच्या वेळी सरीत सिंगल सुपर फॉस्फेट द्या, एकरी पावणेसहा पोती, आणि युरिया-पोटॅश तेवढं नळीतून सोडा. सगळंच विद्राव्य घेतलं तर खतात वाचलेले पैसे खतातच जातात.

हप्ते आठवड्याला एक, सुमारे २६. सरासरी युरिया पावणेसात किलो पडतो. फुटव्यांच्या आणि मोठ्या बांधणीच्या काळात त्याहून जास्त, शेवटी कमी. पोटॅश उलट, शेवटाकडे जास्त. सोडण्याची पद्धत: पहिली पंधरा मिनिटं नुसतं पाणी, मग खत, शेवटची वीस ते तीस मिनिटं पुन्हा नुसतं पाणी. खत शेवटी सोडून पंप बंद केला तर ते नळीत राहतं आणि शेवाळाला खाऊ होतं. युरिया बॅरलमध्ये ढवळला की पाणी गार पडतं आणि उरलेला युरिया लवकर विरघळत नाही, म्हणून अर्धा तास आधी भिजवा आणि फडक्यातून गाळून घ्या. कॅल्शियम नायट्रेट कधीच स्फुरदयुक्त किंवा सल्फेटयुक्त खताबरोबर नाही. बॅरलमध्ये चुन्यासारखा साका होतो.

व्हेंच्युरी ओढत नसेल तर मधला व्हॉल्व्ह थोडा आवळा. तिला चालायला दोन्ही बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक लागतो.

चोंदणं

फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये ०.२-०.३ किलो फरक असतोच. तो ०.५ झाला की वाळूचा फिल्टर उलट पाण्यानं धुवा. नळ्यांची टोकं पंधरा दिवसांनी उघडा, एका वेळी पाच-सहाच; सगळी एकदम उघडली तर जोर राहत नाही. आधी तांबडं-काळपट पाणी येईल, ते स्वच्छ होईपर्यंत सोडा.

पांढरा थर असेल तर ॲसिड. आपल्या पाण्याचं एक लिटर घ्या, ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड सिरिंजनं थेंब-थेंब टाका आणि पीएच कागदावर सामू ४ येईपर्यंत मोजा. समजा ०.८ मिलिलिटर लागलं. सेक्शनमधून २० मिनिटांत ४,४०० लिटर पाणी जातं, म्हणजे साडेतीन लिटर ॲसिड. ते प्लास्टिकच्या बॅरलमध्ये पातळ करून, लोखंडी फिल्टरच्या पुढून सोडा. शेवटच्या ड्रीपरला सामू ४ आला की पंप बंद, चोवीस तास तसंच ठेवा, मग टोकं उघडून धुवा. ॲसिड पाण्यात ओतायचं; पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला.

बुळबुळीत शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडर, तेवढ्याच पाण्याला ३०० ग्रॅम. आदल्या रात्री बादलीत भिजवून फक्त वरचं निवळ घ्या, तळातला चुना नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग एका दिवशी, एका बॅरलमध्ये कधीही नको. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जीव घेऊ शकतो.

परवडतं का?

अनुदान शून्य धरूनच हिशेब करा. समजा कोटेशन एकरी ६०,००० आणि नळ्यांचं आयुष्य सात वर्षं: वर्षाला ८,६०० रुपये. ॲसिड, जॉइनर, एंड कॅप यांना २,०००. नळ्या गुंडाळणं-अंथरणं २,५००. मिळून वर्षाला १३,१००. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये हाती आले तर एकरी साडेचार टन जादा उसात खर्च निघतो. खत वेळेवर आणि हप्त्यानं दिलं तर एवढी वाढ अवघड नाही. खत हातानंच टाकणार असाल तर मात्र खात्री नाही.

वीजबचतीचा आकडा कोटेशनवाले रंगवून सांगतात. राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून बिलच येत नाही, तेव्हा ती बचत तुमच्या खिशात येत नाही. पाण्याची बचतही रुपयात तेव्हाच दिसते जेव्हा वाचलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर भिजतो, किंवा एप्रिलमध्ये आटणारी विहीर जूनपर्यंत पुरते. बारमाही नदीवर पंप आहे, रान सपाट आहे आणि रोज लक्ष द्यायला घरात कोणी नाही, अशांनी घाई करू नये. तण आणि भांगलणीची मजुरी मात्र खरोखर कमी होते, कारण सरीचा मधला पट्टा कोरडा राहतो.

तोडणीच्या वेळी

तोडीआधी पंधरा-वीस दिवस पाणी बंद होतंच, त्या काळात नळ्यांचं शेवटचं धुणं उरका. टोळी यायच्या आधी नळ्या सबमेनपासून सोडवा, टोकं बांधा आणि मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा; लहान वेटोळ्यात नळीला घडी पडते आणि तिथंच ती फुटते. वेटोळ्यांवर सरीचा क्रमांक लिहा. बांधावर गवतात टाकू नका, कोरड्या नळ्या उंदीर आणि खारी कुरतडतात. शेडमध्ये आढ्याला टांगा.

टोळीच्या मुकादमाला नळ्यांबद्दल आणि पाचटाबद्दल आधीच सांगून ठेवा. पाचट पेटवलं तर ग्रोमेट आणि सबमेनची वर आलेली तोंडं वितळतात. ते पाचट सरीआड पसरवून कुजवा, मग खोडव्याला नळी पुन्हा त्याच क्रमानं अंथरा आणि वहीतल्या सहा जागी पुन्हा प्याला लावा.